फ्रेममागची मातीची बोटं

दिवाळी जवळ आली की बडोद्याच्या जुन्या घरांमधली तळघरं उघडतात आणि या सदराकडे येणारे प्रश्नच बदलून जातात. एरवी मोगरा का फुलत नाही, जास्वंदीवर पांढरी कीड पडलीये, असलं काहीबाही असतं. यावेळी तळघरातलेच इतके प्रश्न आलेत की कुंडीवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल, रागावू नका.

प्रश्न: सर नमस्कार. आम्ही दांडिया बाजारात राहतो, सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचं घर आहे, खाली तळघर आहे पण वर्षभर कोणी उतरत नाही. परवा मी आणि मुलाने आवरायला काढलं, तांब्याची घंगाळं, पत्र्याच्या ट्रंका, मोडका पाळणा आणि भिंतीला टेकवून ठेवलेली काच फुटलेली गणपतीची एक तसबीर. ती उलटी केली तर मागे मातीची बोटं चिकटवल्यासारखी दिसली, एकाला एक लागून. एक बोट हात लागून फुटलं आणि आतून कोळीच कोळी पडले, बारीक, काही तर हिरवे-पिवळे, आणि मुलगा म्हणतो एकाचा पाय हलला. मी झाडू घेतलाच होता पण आजेसासूबाई वरून ओरडल्या की हात लावू नका, कुंभारणीचं घर आहे, आता घरात पाळणा हलणार. शेजारच्या बेन म्हणाल्या भमरी आहे, चावेल, रॉकेल टाका. आमचे हे म्हणतात वाळवी आहे, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवू. मला लहानपणी कीर्तनात ऐकलेलं आठवलं, की भिंगुरटी अळीला कोंडून ठेवते आणि मग अळीचीच भिंगुरटी होते. ते हेच का? मग यात अळीऐवजी कोळी कसे? आणि मुळात आता करू काय?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी रॉकेल परत जागेवर ठेवा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन झाला असेल तर नको म्हणून कळवा. आजेसासूबाईंनी बरोबर ओळखलं, हे कुंभारणीचंच घर आहे. तुमच्या घरातल्या पाळण्याचं मी काही सांगू शकत नाही पण त्या मातीच्या बोटांच्या आत पिल्लांचीच सोय केलेली होती, हे नक्की.

कुंभारीण म्हणजे काळी-पिवळी, अतिशय बारीक आणि लांब कंबर असलेली माशी. शास्त्रात हिच्या वंशाला स्केलिफ्रॉन म्हणतात. गांधीलमाशीच्या नात्यातली आहे पण हिचं पोळं नसतं, राणी नसते, कामकरी माश्या नसतात, एकटी मादी सगळं करते आणि नर मातीला हात लावत नाही. पोळं राखायचं नसल्यामुळे अंगावर धावून येणंही नाही, तुम्ही शेजारी उभं राहून बघितलंत तरी ती आपलं काम करत राहते. हातात पकडून दाबली तर डंख मारेल, एरवी तुमच्या वाटेला जात नाही. बेनना सांगा, भमरी म्हणाल्या ते चुकीचं नाही, फक्त थव्याने चावणारी ती वेगळी.

आता ती तसबीर उजेडात न्या आणि टॉर्च आडवा धरून बघा, समोरून नाही, बाजूने. त्या बोटांवर तिरक्या कमानी दिसतील, एकीला लागून दुसरी. एकेक कमान म्हणजे मातीची एकेक खेप. मोरीच्या बाहेर, कुंडीखाली, एसीचं पाणी ठिबकतं तिथे, जिथे म्हणून ओली माती मिळेल तिथून ती जबड्यात गोळी करून उचलते, उडत आणते आणि थापते, मग परत जाते. एखादी कमान काळपट आणि तिच्या शेजारची तांबूस दिसली तर समजा मधेच मातीची जागा बदलली, पहिली जागा सुकली असेल. मला स्वतःला या घरट्यातलं सगळ्यात आवडणारं हेच आहे. अख्खं बांधकाम कसकसं पुढे गेलं ते त्यावरच लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचायच्या आत खराटा फिरवतो.

एक खोली बांधून झाली की शिकार सुरू. कोळी पकडायचा, डंख मारायचा, आणून आत ठेवायचा. डंखाने तो लुळा पडतो पण लगेच मरत नाही, म्हणून सडत नाही, ताजा राहतो. तुमच्या मुलाने पाय हललेला बघितला ना, बरोबर बघितलं त्याने, त्याला शाबासकी द्या, फार लक्ष देऊन बघणारा मुलगा दिसतोय. बहुतेक वेळा पहिल्याच कोळ्यावर अंडं घातलं जातं, मग त्याच्यावर बाकीचे कोळी ठासून भरायचे, तोंड मातीने बंद, आणि शेजारी दुसरी खोली सुरू. अंड्यातून अळी निघते, ती एकेक कोळी खात मोठी होते, स्वतःभोवती तपकिरी कागदासारखा कोश विणते आणि शेवटी माशी होऊन माती कुरतडून बाहेर पडते. आईची आणि तिची भेट होत नाही, आई तोंड बंद करून केव्हाच निघून गेलेली असते.

आणि हिरवे-पिवळे कोळी, त्याबद्दल विचारलंत ते बरं केलंत. तळघरातले कोळी करडे, मळकट, तपकिरी असतात, हिरवा कोळी अंधारात राहत नाही, तो पानांवर, फुलांवर राहतो. म्हणजे हे कोळी तरी कुंभारणीने तुमच्या तळघरातल्या जाळ्यांतून उचललेले नाहीत, ती झरोक्यातून बाहेर जाऊन तुळस, कढीपत्ता, समोरच्या घराची वेल, जिथून मिळेल तिथून शिकार करून परत त्याच झरोक्यातून आत आली. ते पडलेले कोळी फेकले नसतील तर पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा, तुमच्या गल्लीतल्या झाडांवर कोण कोण राहतं त्याची यादीच समोर येईल.

आता कीर्तनातली भिंगुरटी. ताई, ज्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. माशी अळी उचलून मातीच्या घरात कोंडते, हे खरं. काही दिवसांनी त्याच घरातून माशी निघते, हेही खरं. मधलं जे बंद दाराआड होतं ते दिसायची सोय नव्हती, म्हणून ध्यास घेऊन अळीच माशी झाली असा अर्थ लागला, आणि साधकाला समजावायला तो इतका चपखल होता की शतकानुशतकं टिकला. प्रत्यक्षात कोंडलेली अळी खाऊ असते आणि बाहेर येते ती माशीचीच लेक. अळ्या आणणारी कुंभारीण वेगळी जात आहे, ती खिडकीच्या चौकटीवर, कधी झाडाच्या फांदीवर गळा असलेलं छोटंसं मडकं करते आणि त्यात हिरव्या अळ्या भरते. तुमच्याकडची बोटं करते आणि कोळी भरते. काम एकच, सामान वेगळं.

यावर फ्रान्सच्या झाँ-आंरी फाब्र यांनी (१८२३–१९१५) केलेला एक प्रयोग मला फार विचार करायला लावतो. कुंभारणीचं बांधून झालेलं घरटं त्यांनी भिंतीवरून काढून घेतलं. ती माती घेऊन आली, घरटं नाही, आणि तरी तिने त्या मोकळ्या भिंतीवरच गिलावा केला, खेपांवर खेपा, जणू घरटं तिथेच आहे. दुसऱ्या वेळी ती कोळी आणेल तसे ते काढत गेले, तर ती आणतच राहिली आणि शेवटी रिकाम्या खोलीला व्यवस्थित दार लावून गेली. एवढी हुशार कारागीर, पण कामाचा क्रम ठरलेला, मागे वळून बघणं त्यात नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरटं खरवडलं आणि दोन दिवसांनी त्याच जागी परत मातीचे डाग, असा अनुभव घेतला असेल, तर त्याचं एक कारण हे.

वाळवीचं म्हणाल तर तुमच्या ह्यांना एकच सांगा. वाळवीची माती जमिनीपासून किंवा भिंतीच्या भेगेतून निघून बारीक वाटेसारखी लाकडापर्यंत चढत जाते, वाट मोडली की आत पांढरट किडे पळताना दिसतात. कुंभारणीचा मातीचा गोळा स्वतंत्र असतो, जमिनीशी त्याचा संबंध नाही आणि लाकूड ती खात नाही. तरी एवढं उघडलंच आहे तर पाळण्याचे पाय आणि ट्रंकांखालची फळी वाळवीसाठी तपासून घ्या, ती भीती तळघरात खरी असते.

करायचं एवढंच. प्रत्येक बोटाचं टोक बघा. गोल स्वच्छ भोक असेल तर आतली माशी उडून गेली, ते रिकामं घर आहे, हवं तर ओल्या फडक्याने मऊ करून काढा. टोक बंद असेल तर आत कोणीतरी आहे. आता थंडी येतेय आणि या दिवसांत बंद झालेल्या खोल्यांमधली माशी कधी कधी ऊन तापेपर्यंत आतच थांबते, म्हणून तसबीर तळघरातच झरोक्याच्या बाजूला उभी करून ठेवा आणि होळीनंतर परत बघा. तसबिरीला नवीन काच लावायची घाई नसेल तर तेवढं थांबा, माझी विनंतीच समजा.

प्रश्न: (याच पाकिटात दुसरा कागद होता, सहावीतल्या मुलाचा.) सर, जे बोट फुटलं त्यात कोळ्यांबरोबर एक पिवळट पांढरी अळी पण होती. मी ती डबीत ठेवलीये. ती जगेल का? आणि तसबिरीजवळ एक मेलेली माशी सापडली ती निळी-हिरवी चमकते, मोरपिसाच्या रंगाची. ती कोण?

उत्तर: शाब्बास, अळी उचलायचं सुचलं तुला. जगू शकते. त्या बोटातले जेवढे कोळी सापडतील तेवढे सगळे तिच्याजवळ ठेव, तिचं जेवण तेच आहे, दुसरं काही घालू नकोस, दूध नाही, पान नाही, साखर तर नाहीच. डबी छोटी आणि आतून कोरडी हवी, तळाला टिश्यू पेपर, तोंडाला मलमलचं कापड आणि रबरबँड, म्हणजे हवा जाईल आणि मुंग्या येणार नाहीत. मुंग्या हाच खरा धोका आहे, म्हणून डबी पाणी घातलेल्या ताटलीत वाटी पालथी घालून तिच्यावर ठेव. उन्हात नको, फ्रिजमध्ये तर मुळीच नको. सारखं हलवून बघू नकोस, दिवसातून एकदा बघ, तारीख घाल आणि चित्र काढ. कोळी संपले की ती कोश विणेल आणि मग बरेच दिवस काहीच होणार नाही, तेव्हा मेली समजून फेकू नकोस. माशी निघाली की कापड काढून डबी गच्चीत ठेव, ती आपली आपण जाईल, हाताने धरायला जाऊ नकोस.

चमकणारी माशी तर मोठाच शोध आहे. ती कुंभारणीच्या घरात चोरून अंडं घालणारी माशी आहे. कोकिळा जसं कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते तसंच हिचं, म्हणून इंग्रजीत तिला कोकिळेचंच नाव दिलंय. हिची अळी कुंभारणीच्या पिल्लाच्या जिवावर वाढते. हिचं अंग इतकं टणक असतं की कुंभारणीने हल्ला केला तर ही पोट आत वळवून गोळा होते आणि डंख आत शिरत नाही. भिंगातून बघ, अंगभर बारीक खड्डे दिसतील. आगपेटीत कापूस घालून ठेव, रंग वर्षानुवर्षं जात नाही, कारण तो रंगद्रव्याचा नाही, अंगावरच्या पातळ थरांवरून उजेड परतताना तयार होतो. आणि कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये अजून गेला नसशील तर आईला सांग, देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे तिथे.

प्रश्न: गोत्रीला आमच्या बंगल्याच्या बेसमेंटमध्ये लांब लांब पायांचे कोळी झालेत. काल एकीच्या तोंडात बारीक मोत्यांचा गोळा दिसला, फुंकर मारली तर ती जागच्या जागी इतकी जोरात हलायला लागली की दिसेनाशी झाली. विषारी आहे का?

उत्तर: माणसाला काही करत नाही. तो मोत्यांचा गोळा म्हणजे अंडी, आई ती दोन-चार धाग्यांनी बांधून पिल्लं निघेपर्यंत तोंडात धरून लटकून राहते आणि त्या काळात तिचं खाणं जवळपास बंद असतं. हलणं हा बचाव आहे, शत्रूला नेमकी कुठे आहे ते कळू नये म्हणून. हे कोळी डास खातात, आणि बडोद्यात पावसाळ्यानंतर डेंग्यूची काय अवस्था असते ते मी सांगायला नको. जिथे वावर आहे तिथली जाळी काढा, वरचे कोपरे सोडा.

प्रश्न: जुन्या शिवणयंत्राच्या खणात दोन पांढरी गोल अंडी मिळाली, चिमणीच्या अंड्यापेक्षाही लहान, कवच कडक. पक्षी तर आत येतच नाही.

उत्तर: पालीची आहेत. घरातली पाल एका वेळी साधारण दोनच अंडी घालते. मागून मोबाईलचा टॉर्च लावा, आतून गुलाबी दिसलं तर जिवंत आहेत, तशीच राहू द्या आणि उलटीसुलटी करू नका, आतलं पिल्लू एका बाजूला चिकटलेलं असतं आणि अंडं फिरवलं तर ते दगावू शकतं. महिना-दोन महिन्यांत खण रिकामा मिळेल. किळस येते हे मान्य, पण वाळवीचे उडते किडे आणि झुरळांची पिल्लं खाणारं तळघरात दुसरं फारसं कोणी नाही.

प्रश्न: रावपुऱ्यात आमच्या तळघरात रद्दीच्या मागे सापाची कात मिळाली, हातभर लांब. घरात लहान मुलं आहेत, आई खालीच झोपते. साप अजून आत असेल का? विषारी आहे हे कसं कळणार? झोप उडालीये सर.

उत्तर: झोप उडणं साहजिक आहे, आणि यात मी उगाच धीर देणार नाही. आजपासून आईंना जमिनीवर झोपवू नका, खाट द्या आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. कारण एकच, मण्यार. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही, दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेल न दिसेल. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि घरचे समजतात अपचन झालं. असं काही झालं तर वाट बघायची नाही, मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, दोरी आवळणं नाही, १०८ला फोन आणि सरळ सरकारी हॉस्पिटल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं औषध एकच आहे, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नसते.

आता कात. ती कोरडी, ठिसूळ, वर धूळ बसलेली असेल तर जुनी आहे, साप केव्हाच गेला असण्याची शक्यता जास्त. मऊ आणि किंचित ओलसर लागली तर ताजी समजा आणि सर्पमित्राला बोलवून तळघर दाखवून घ्या, त्याआधी रद्दी स्वतः उपसू नका. साप दिसला तरी मारू नका, तसा कायदाही आहे, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. कात ताणली जाते म्हणून ती सापापेक्षा लांब असते, म्हणजे हातभर कातीचा साप हातभरापेक्षा लहानच.

ओळखायचं असेल तर पाठीच्या मधोमध जाणारी खवल्यांची ओळ बघा. ती बाजूच्या खवल्यांपेक्षा स्पष्ट मोठी आणि षटकोनी असेल तर मण्यार धरून चाला. सगळे खवले सारखेच असतील तर कवड्या असू शकतो, पण नाग-घोणसाच्या पाठीवरही अशी मोठी ओळ नसते. कवड्या घरात पालींच्या मागे येतो, बिनविषारी असतो आणि अंगावरच्या पट्ट्यांमुळे मण्यार समजून मारला जातो. शेपटीच्या खालची बाजूही बघा, मण्यारीला तिथे खवल्यांची एकेरी ओळ असते, कवड्याला दुहेरी. पण हे सगळं घरबसल्या ठरवून निर्धास्त होऊ नका. विश्वामित्रीला पूर आला की, २०२४च्या ऑगस्टमध्ये आपण बघितलंच, नदीकाठचे प्राणी मिळेल त्या कोरड्या जागेत शिरतात, आणि रद्दी, विटांचा ढीग, उंदीर एवढं तळघरात असेल तर सापाला तिथून जायचं कारण राहत नाही. म्हणून रद्दी काढा, उंदीर बंद करा, झरोक्याला बारीक जाळी बसवा, दाराखालची फट बुजवा.

कात फेकू नका. सरळ करून दोन कागदांमध्ये ठेवा आणि तीन फोटो पाठवा, डोक्याचा वरून, पाठीचा मधला भाग जवळून, आणि शेपटीची खालची बाजू, शेजारी पट्टी ठेवून. बघून लगेच कळवतो, पुढच्या अंकाची वाट बघायला लावणार नाही.